अल्टरनेटर बसवल्यावर जुनी गाडी फॅनबेल्ट खाऊ लागली, तर

जुन्या गाडीत वीज बनवणाऱ्या डायनॅमोवर वर्षानुवर्षं टिकणारा बेल्ट, त्याच्या जागी नव्या पद्धतीचा अल्टरनेटर बसवल्यावर काही महिन्यांत काळी पूड सोडायला लागतो, सकाळी स्टार्ट मारल्यावर किंचाळतो आणि एक दिवस रस्त्यात तुटतो. नवा आणून घातला तरी त्याची तीच गत. मग बेल्ट आणखी ताणला जातो आणि वॉटर पंपाचं बेअरिंग जातं. अशा वेळी दोष बहुतेकदा बेल्टच्या मालाचा नसतो. बेल्ट ज्या चाकांवर फिरतो त्या पुल्यांची खाच जुळत नाही, पुल्या एका रेषेत नाहीत, ताण डायनॅमोच्या काळातलाच ठेवलाय, किंवा अल्टरनेटरच गाडीच्या मानाने फार मोठा आहे, या चारांपैकी एक कारण निघतं. बऱ्याचदा दोन एकत्र. यांतलं कोणतं, ते उतरवलेल्या बेल्टवर उमटलेलं असतं. म्हणून नवा बेल्ट चढला की जुना कचऱ्यात, ही सवय आधी सोडा.

ओझं कधी पडतं

लुकासचा सी४० डायनॅमो भरात २२ अँपिअर देतो, म्हणजे साधारण ३०० वॉट. त्याच गाड्यांवर बसणारा १८एसीआर अल्टरनेटर सुमारे ४५ अँपिअर, म्हणजे १४ व्होल्टला ६३० वॉट देतो. या जातीच्या अल्टरनेटरची कार्यक्षमता ५५ ते ६० टक्क्यांच्या आसपास धरली, तर बेल्टला ११०० वॉटपर्यंत ओढावं लागतं. सुमारे दीड हॉर्सपॉवर.

बेल्टला मात्र वॉटपेक्षा ओढ जाणवते, आणि ओढ म्हणजे वॉट भागिले बेल्टचा वेग. क्रँक पुली, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्यावरची पुली, १२५ मिमी व्यासाची असेल, तर १५०० आरपीएमला बेल्ट सेकंदाला जवळजवळ १० मीटर धावतो. तेव्हा अल्टरनेटर ३० अँपिअर देत असेल तर बेल्टवर साधारण ८ किलोची ओढ येते. ४५०० आरपीएमला पूर्ण ४५ अँपिअर घेतले तरी ओढ ४ किलोच, कारण बेल्ट तिप्पट वेगाने पळतोय. म्हणजे अल्टरनेटरचा खरा जोर कमी आरपीएमवर, बॅटरी उतरलेली असताना आणि हेडलाइट लागलेले असताना पडतो. डायनॅमो आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं सुरू असताना, जवळपास काहीच वीज देत नाही, त्यामुळे तेव्हा बेल्टला आराम असायचा. तो आराम आता गेला.

याचा निदानाला थेट उपयोग होतो. स्टार्ट केल्यावर पहिली एक-दोन मिनिटं किंवा हळू वेगात गिअर बदलताना बेल्ट ओरडत असेल, तर अल्टरनेटरच्या ओझ्याने घसरतोय. वरच्या आरपीएमलाच ओरडत असेल, तर अल्टरनेटरकडे बोट दाखवू नका. पंख्याचा भार वेगाबरोबर झपाट्याने वाढतो, त्यामुळे तिथे ढिला बेल्ट, पंखा किंवा वॉटर पंपाचं जड झालेलं बेअरिंग तपासा.

उतरवलेला बेल्ट काय सांगतो

इंजिन बंद, बॅटरीची तार सुटी, मग बेल्ट काढा. आतली बाजू बाहेर येईल असा उलटा वाकवून उजेडात फिरवा.

दोन्ही बाजू काचेसारख्या चकाकत असतील आणि हाताला कडक लागत असतील, तर बेल्ट घसरून भाजलाय. ताण कमी आहे, खाच झिजली आहे किंवा ओझं जास्त आहे. एकच बाजू झिजली असेल, दोरे एकाच अंगाला उघडे पडले असतील, तर पुल्या रेषेत नाहीत. वरची कड फाटून कापडाचे धागे निघाले असतील, तर बेल्ट खाचेपेक्षा रुंद आहे आणि पुलीच्या ओठांवर चालतोय. बेल्टच्या तळाला चकाकी, आणि पुलीच्या खाचेचा तळही घासून चकचकीत झालेला, याचा अर्थ बेल्ट तळाला टेकतोय. ही सगळ्यात फसवी खूण. तळाला टेकलेला बेल्ट कितीही ताणला तरी घसरतोच, कारण व्ही-बेल्टची पकड सगळी बाजूंवर असते. पाचरीसारखा रुतला तरच तो ओढतो.

आतल्या बाजूला आडव्या चिरा थोड्याच दिवसांत आल्या असतील, तर पुली लहान आणि बेल्ट जाड, किंवा उष्णता जास्त. बेल्ट एकाच ठिकाणी अचानक तुटला असेल आणि बाकीचा धडधाकट असेल, तर तो स्क्रू ड्रायव्हरने उचकटून चढवताना आतली दोरी तुटली असण्याची शक्यता मोठी. सगळा बेल्ट फुगून मऊ झाला असेल तर तेल किंवा कूलंट गळतंय. आधी ते बंद करा.

आवाजाचाही उपयोग होतो. लांबलचक किंकाळी म्हणजे घसरण. चिमणीसारखी एका लयीत चिवचिव म्हणजे बहुधा रेष चुकलेली. चालू बेल्टवर, पंख्यापासून हात लांब ठेवून, फवाऱ्याने थोडं पाणी मारा. आवाज क्षणभर थांबून परत आला तर रेष बघा. वाढला तर ताण बघा.

खाच

सर्वात जास्त घोटाळे इथेच होतात. अल्टरनेटर येतो तो स्वतःची पुली घेऊन, आणि ती पुली त्या गाडीच्या बेल्टसाठी बनलेली असेलच असं नाही. अलीकडच्या अल्टरनेटरची व्ही-पुली बहुधा एव्ही१० जातीच्या, म्हणजे वर सुमारे १० मिमी रुंद बेल्टसाठी असते. जुन्या गाड्यांच्या क्रँक आणि वॉटर पंप पुल्या १३ मिमीच्या, काही तर १६ मिमी किंवा त्याहून रुंद बेल्टच्या असतात. १३ चा बेल्ट १० च्या खाचेत घातला तर तो वर तरंगतो आणि कडा फाटतात. १० चा बेल्ट १३ च्या खाचेत घातला तर तो खोल जातो आणि तळाला टेकतो. क्रँकवर वेगळा आणि अल्टरनेटरवर वेगळा बसणारा बेल्ट काही आठवड्यांपलीकडे टिकत नाही.

म्हणून तिन्ही पुल्यांच्या खाचा व्हर्निअरने मोजा: वरच्या ओठांजवळची रुंदी आणि खोली. बेल्ट बसवल्यावर त्याची पाठ पुलीच्या काठाशी सपाट किंवा फार तर एक-दोन मिमी वर दिसली पाहिजे, आणि खाली किमान दीड-दोन मिमी मोकळी जागा हवी. जागा आहे की नाही ते दिसत नसेल तर खाचेत मऊ मातीची बारीक वळी ठेवून बेल्ट चढवा, हाताने इंजिन फिरवा, काढून बघा. वळी पूर्ण चेपली असेल तर बेल्ट टेकतोय.

अल्टरनेटरवर बारीक बारीक उभ्या खाचांची चपटी पुली असेल तर ती मल्टीरिब बेल्टची. व्ही-बेल्ट तिच्यावर चालवायचाच नाही. काही नव्या अल्टरनेटरच्या पुलीत एकाच दिशेने पकडणारा क्लच असतो. तीही काढून साधी व्ही-पुली बसवा.

नव्या पुलीचं भोक अल्टरनेटरच्या शाफ्टला तंतोतंत जुळलं पाहिजे. १५ आणि १७ मिमीचे शाफ्ट सर्रास आढळतात. दोन मिमीच्या फरकासाठी पत्र्याची गुंडाळी घालून बसवलेली पुली लंगडते आणि दर फेरीला बेल्टला हिसका देते. बुश लागणारच असेल तर लेथवर वळवून, बाहेरून आणि आतून एकाच सेटिंगमध्ये काढलेलं घ्या. पुली बसल्यावर हाताने फिरवा आणि तिच्या कडेशी एखादी सुई स्थिर धरा. अर्धा मिमी डगमगसुद्धा डोळ्याला दिसते, आणि तेवढीही नको.

डायनॅमोची मूळ पुलीच अल्टरनेटरवर चढवणं हा बरा मार्ग आहे. खाच आपोआप जुळते. एक तोटा मात्र आहे. डायनॅमोचा आर्मेचर, म्हणजे आतला फिरणारा भाग, फार वेगाने फिरवला तर वाइंडिंग बाहेर फेकलं जाण्याची भीती असते, म्हणून त्याची पुली मोठी ठेवलेली असते. ती अल्टरनेटरवर लावली की तो हळू फिरतो आणि आयडलला कमी चार्ज करतो. बेल्टच्या दृष्टीने हे वाईट नाही: वळण मोठं, पकड जास्त, ओझं कमी. रात्री फारशी न फिरणाऱ्या गाडीला मोठीच पुली ठेवावी, असं आमचं स्पष्ट मत आहे.

पुली लेथवर बनवून घेणाऱ्यांनी कोनाकडे लक्ष द्यावं. मोकळ्या बेल्टच्या बाजूंमधला कोन साधारण ४० अंश असतो, पण वाकल्यावर त्याचा आतला भाग फुगतो आणि कोन कमी होतो. म्हणून खाचेचा कोन ३४ ते ३८ अंशांच्या दरम्यान ठेवतात, आणि पुली जितकी लहान तितका तो कमी. ६५ मिमीच्या पुलीत ४० अंशांची खाच कापली, तर बेल्टची खालची कडच तेवढी पकडते.

नवी पुली बसवताना जुन्या दोघींना विसरू नका. क्रँक पुलीची खाच कित्येक दशकं झिजलेली असते. खाचेच्या उतारावर पोलादी पट्टीची कड धरा. मधोमध पाऊण मिमीच्या वर पोकळी दिसली तर ती पुली गेली. गंज खाल्लेली खाच तर सॅंडपेपरचंच काम करते. पुलीत मध्ये रबर असलेला, थरथर शोषणारा डँपर असेल तर आतल्या भागावर आणि बाहेरच्या कड्यावर खडूने एकच आडवी रेघ मारा आणि गाडी चालवून परत बघा. रेघ तुटली असेल तर रबर सुटलंय आणि कडं सरकतंय; तसल्या पुलीवर रेष कधीच जुळणार नाही.

रेष

क्रँक आणि वॉटर पंपाच्या पुल्या जागेवरून हलत नाहीत. अल्टरनेटरने त्यांच्या रेषेत यायचं. दोन पुल्यांच्या तोंडावर सरळ पट्टी ठेवून मोजायची पद्धत जुनीच आहे, पण डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर आल्यावर ती फसवते, कारण पुल्यांच्या कडांची जाडी आता सारखी नसते. तोंडं एका पातळीत आली तरी खाचा दोन-तीन मिमीने चुकलेल्या असू शकतात. खाचांचा मध्य जुळला पाहिजे.

बेल्ट काढा. खाचेच्या दोन्ही उतारांवर टेकेल अशा जाडीची, साधारण १० ते १२ मिमीची, सरळ गोल सळई अल्टरनेटरच्या खाचेत ठेवून क्रँक पुलीकडे न्या. ती तिथल्या खाचेत कोणत्याही उताराला न ढकलता मधोमध उतरली पाहिजे. हेच क्रँककडून वॉटर पंपाकडे आणि तिथून अल्टरनेटरकडे करा. सळई जात नसेल तर खाचेत घट्ट ताणलेला बारीक दोरा चालतो. फरक दर १०० मिमी अंतराला एक मिमीच्या आत हवा. एकूण दीड मिमीच्या वर गेला तर दुरुस्त केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

चूक दोन प्रकारची असते. अल्टरनेटर पुढे किंवा मागे सरकलेला असेल, पण शाफ्ट क्रँकला समांतर असेल, तर पुलीमागे योग्य जाडीची चकती घालून किंवा पायापाशी (जिथे अल्टरनेटर ब्रॅकेटला बोल्टने बसतो तिथे) अंतर बदलून काम होतं. चकती घातल्यावर पुलीचा नट पूर्ण आट्यांवर बसतो का ते तपासा. पायापाशी पातळ वॉशरांची चळत रचू नका. त्या एकमेकींवर घासून झिजतात आणि महिनाभरात सगळं ढिलं होतं. लागेल तेवढ्या लांबीचा एकच पोलादी स्पेसर वळवून घ्या.

दुसरा प्रकार जास्त नडतो: अल्टरनेटर तिरका बसलेला. डायनॅमो लांब आणि सडपातळ, अल्टरनेटर आखूड आणि जाड, त्यामुळे मागचा पाय ब्रॅकेटच्या कानापर्यंत पोहोचत नाही. मधली फट तशीच ठेवून बोल्ट आवळला की एकतर अल्युमिनियमचा कान तडकतो किंवा सबंध अल्टरनेटर वळतो. आधी पुढचा पाय आवळा. मागच्या पायाची फट फीलर गेजने (मोजलेल्या जाडीच्या पात्यांनी) मोजा. तेवढ्याच जाडीची शिम, म्हणजे पातळ चकती, घाला. मग मागचा बोल्ट आवळा. लुकासच्या एसीआर जातीत मागच्या कानात सरकणारं बुश असतं, ते बोल्ट आवळताना फट आपोआप भरून काढतं. पण गंजून अडकलं असेल तर त्याचा काही उपयोग नाही. काढा, घासा, हाताने सरकतंय ते पाहा.

शेवटी ताणाची पट्टी, म्हणजे अल्टरनेटरला ताणलेल्या जागी धरून ठेवणारी खोबणीची पट्टी. डायनॅमोची मूळ पट्टी पातळ असते, आणि अल्टरनेटरसाठी ती वाकवून किंवा लांबवून लावलेली पुष्कळदा दिसते. मदतनिसाला एक्सलरेटर दाबायला सांगा आणि बाजूने लांबून बघत राहा. अल्टरनेटर डोलताना दिसला तर पट्टी बदला: किमान ५ मिमी जाड आणि शक्य तेवढी सरळ.

ताण

जुन्या पुस्तिकांत बेल्टच्या दोन पुल्यांमधल्या सर्वात लांब भागाच्या मध्यावर अर्धा इंच, म्हणजे १३ मिमी, दबला पाहिजे असं लिहिलेलं आढळतं. बऱ्याच ठिकाणी तो आकडा डायनॅमोचा असतो. अल्टरनेटरला त्याहून घट्ट लागतं. दोन पुल्यांच्या स्पर्शबिंदूंमधलं अंतर मोजा आणि दर १०० मिमीला १.६ मिमी दबेल इतका ताण द्या. ३०० मिमी अंतराला साधारण ५ मिमी. दाबायचं ४ ते ५ किलोच्या जोराने. अंगठ्याचा अंदाज माणसागणिक बदलतो, म्हणून स्प्रिंगचा वजनकाटा लावून एकदा तरी खात्री करा.

ताण देण्यासाठी अल्टरनेटर उचकटताना लाकडी दांडा फक्त पुलीच्या बाजूच्या कव्हरला लावा. मधल्या स्टेटरवर (तारांच्या गुंडाळ्यांच्या स्थिर कड्यावर) किंवा मागच्या कव्हरवर जोर दिला तर कव्हर तडकतं. तिन्ही बोल्ट ढिले करून ताण द्या, पट्टीचा बोल्ट आवळा, मग पुढचा पाय, मग मागचा, आणि परत मोजा. आवळताना ताण बदलतोच.

नवा बेल्ट खाचेत बसेपर्यंत ढिला पडतो. १० ते १५ मिनिटं चालवून, इंजिन थंड झाल्यावर पुन्हा ताण द्या. १०० ते २०० किमीनंतर आणखी एकदा. ही दुसरी वेळ जवळजवळ सगळे चुकवतात, आणि बेल्ट भाजतो तो नेमका त्या मधल्या दिवसांत.

जास्त ताणही वाईटच. ओरडतोय म्हणून दाबत गेलात की वॉटर पंपाच्या खालच्या भोकातून पाणी ठिबकायला लागतं आणि अल्टरनेटरचं पुढचं बेअरिंग गुरगुरतं. ठरलेल्या ताणावर बेल्ट घसरत असेल तर दोष ताणात नाही. खाचेकडे किंवा ओझ्याकडे परत जा. बेल्टवर मारायचे चिकट फवारे वापरू नका. आवाज दोन दिवस थांबतो आणि रबर कायमचं मऊ पडतं.

ओझं

गाडीची विजेची गरज जोडून बघा. ६०/५५ वॉटचे दोन हॅलोजन हेडलाइट म्हणजे ८ ते ९ अँपिअर, त्यात इग्निशन, मागचे दिवे, वायपर. एवढ्यासाठी ३५ ते ४५ अँपिअरचा अल्टरनेटर भरपूर झाला. आधुनिक गाडीतून काढलेला ९० अँपिअरचा अल्टरनेटर १० मिमीच्या एकट्या बेल्टवर लटकवणं म्हणजे बेल्टचा छळ. बॅटरी उतरली की तो कमी आरपीएमलाच ४०-५० अँपिअर देऊ लागतो आणि बेल्टवर १२ किलोपेक्षा जास्त ओढ टाकतो.

तपासायला क्लॅम्प मीटर चार्जिंगच्या जाड तारेवर लावा. चांगल्या बॅटरीला स्टार्टनंतर सुरुवातीला जास्त करंट जाईल, पण १०-१५ मिनिटांत तो बराच खाली यायला हवा. सगळे दिवे बंद असूनही २०-२५ अँपिअर तसाच जात राहिला तर बॅटरीचा सेल गेला असेल, किंवा रेग्युलेटर जास्त व्होल्ट देत असेल. बॅटरीच्या टोकांवर १४.५ व्होल्टच्या वर जाऊ नये. आणखी सोपी चाचणी: बॅटरी बाहेरच्या चार्जरवर रात्रभर पूर्ण भरा आणि सकाळी दिवे बंद ठेवून स्टार्ट करा. किंकाळी नाहीशी झाली तर प्रश्न ओझ्याचा. चालू इंजिनवर बॅटरीची तार काढून बघण्याचा जुना खेळ मात्र करू नका. डायनॅमोला तो चालायचा, अल्टरनेटरचे डायोड त्याने जळतात.

घसरण मोजायचीच असेल तर अल्टरनेटर पुलीवर चमकती पट्टी चिकटवून ऑप्टिकल टॅकोमीटरने वाचा. इंजिनचा वेग तोच ठेवून, दिवे बंद आणि दिवे चालू असताना अल्टरनेटरच्या आरपीएममध्ये दोन-तीन टक्क्यांपेक्षा जास्त फरक आला तर बेल्ट घसरतोय. टॅकोमीटर नसेल तर अर्धा तास चालवून इंजिन बंद करा आणि पंखा थांबल्यावर पुल्यांना बोट लावा, जपून. बाकीच्यांपेक्षा एकच पुली चटका देण्याइतकी तापली असेल, तर घसरण तिथेच आहे.

बेल्ट निवडताना

लहान पुलीवर आतून दाते कापलेला, बाजू कापडाने न मढवलेला बेल्ट घ्या; तो एव्हीएक्स या खुणेने मिळतो. दात्यांमुळे तो सहज वाकतो, कमी तापतो आणि आतल्या चिरा उशिरा येतात. मात्र त्याच्या बाजू कठीण असतात, त्यामुळे खरखरीत गंजलेल्या पुलीवर दोघेही लवकर झिजतात. पुली आधी गुळगुळीत करा.

फोक्सवॅगन बीटलसारख्या गाडीत ताणाची पट्टीच नसते. तिथे पुली दोन अर्ध्यांची असते आणि मधल्या शिम कमी केल्या की बेल्ट वर चढून घट्ट होतो. काढलेल्या शिम टाकायच्या नाहीत, बाहेरच्या अर्ध्याच्या पुढे नटाखाली ठेवायच्या, म्हणजे पुढच्या बेल्टला त्या हाताशी राहतात.

अल्टरनेटर बसल्यावर बेल्टची लांबी बदलते. पट्टीच्या खोबणीत बोल्ट साधारण एक तृतीयांशावर असताना पुल्यांभोवती दोरा गुंडाळून लांबी काढा, म्हणजे पुढे ताण द्यायला जागा उरते. बोल्ट खोबणीच्या शेवटाला टेकला असेल तर बेल्ट लांब आहे. तो ताणता येणार नाही. डिकीतला जादा बेल्ट डायनॅमोच्या मापाचा असेल तर तो काढून नव्या मापाचा ठेवा आणि एकदा घरीच चढवून बघा, कारण याच बेल्टवर वॉटर पंपही चालतो आणि तो तुटला की गाडी काही मिनिटांत उकळते.